हाउन्सलोचे मंत्रीकाका

मंत्रीकाका कचऱ्याचं बिन बाहेर ठेवायलासुद्धा कोट-टाय घालून निघत. बिनवाला लॉरीतून ओरडे, "मॉर्निंग, मिनिस्टर!" लंडनच्या या हाउन्सलो भागात मी त्यांच्या शेजारी नवी राहायला आले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याची थट्टा चाललीय.

पण काका खरेच मंत्री होते. आफ्रिकेतल्या एका इंग्रज वसाहतीत तरुणपणी वकिली करताना त्यांनी बंडखोरांचे खटले फुकट लढवले आणि शेवटी स्वतःच त्यांच्यात सामील होऊन तुरुंगात गेले. देश स्वतंत्र झाल्यावर कायदामंत्री झाले. मग राष्ट्राध्यक्षांना तोंडावर "हे बेकायदेशीर आहे" म्हणाले आणि हद्दपार झाले. "इंग्रजांनी मला आत टाकलं, आपल्यांनी बाहेर," ते सांगत. "बाहेर म्हणजे कुठे? परत इंग्रजांकडेच!"

एकदा कौन्सिलने कोपऱ्यावरच्या बसस्टॉपचा बाक काढला. काका घरातली खुर्ची घेऊन तिथे जाऊन बसले, तेही ऐन फेब्रुवारीत. काकू कानटोपी घेऊन धावल्या. "अहो, न्यूमोनिया होईल!"

"होऊ दे. सरकारची पंचाईत होईल."

दुपारी कौन्सिलची एक मुलगी आली. काकांनी अटकेसाठी दोन्ही हात पुढे केले. तिने त्या हातांत गरम चहाचा कप ठेवला आणि साखर किती, ते विचारलं. संध्याकाळी काका पार खचून घरी आले. "गव्हर्नरने लाठ्या चालवल्या, तेव्हा लढता आलं," मला म्हणाले. "चहाशी कसं लढायचं, सांग!"

बाक मात्र परत आला. काका त्यावर कधीच बसले नाहीत. आपल्याच निर्णयाचा फायदा मंत्र्याने घेऊ नये, म्हणे.

गेल्या वर्षी तिकडचं सरकार बदललं. नव्यांनी काकांची माफी मागितली आणि स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला बोलावलं. "रडू आलं तर गं?" काकांनी मला हळूच विचारलं.

मी दोघांना हीथ्रोला सोडलं. व्हीलचेअर नाकारून काका काठी टेकत आत गेले.

समारंभाच्या आदल्या रात्री ते झोपेतच गेले. अंत्ययात्रेला लष्करी बँड, झेंड्यात गुंडाळलेली शवपेटी आणि स्टेडियमभर माणसं. काकू एकट्या परतल्यावर मला फोनवर व्हिडिओ दाखवत होत्या. त्यांनी मधेच तो थांबवला.

"एवढी मोठी सभा जमली होती गं," त्या म्हणाल्या, "आणि हे एक शब्द बोलले नाहीत."