पुढची पेटी, मागची पेटी
शेगडीवर नारळाचं पाणी सांडून करपलं की मला केरीची खाडी आठवते. तिथल्या एका म्हाताऱ्या नाखव्याच्या शिडाच्या होडीला मी विजेची मोटर बसवत होतो. तोल राहावा म्हणून अर्ध्या बॅटऱ्या पुढच्या पेटीत, अर्ध्या मागच्या पेटीत ठेवल्या आणि मध्ये एका पेटीवरून दुसरीवर जायला स्विच दिला. "एकाच पेटयेत घाल मरे, दोन कित्याक?" तो कुरकुरला. पुढचं झाकण आवळण्याआधीच त्याने रिवाजाप्रमाणे होडीच्या टोकावर नारळ फोडला. पाणी पेटीत झिरपलं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या फेरीला निघालो, तर खाडीच्या मुखाशी वारा पडला, ओहोटी समुद्राकडे ओढू लागली आणि नेमका तेव्हाच पुढून धूर निघून मोटर थांबली. मी स्विच मागच्या पेटीवर फिरवला, तशी ती पुन्हा घुमली. काठाला लागल्यावर तो नारळाची कवड माझ्या हातात ठेवून म्हणाला, "खा, मागच्या पेटयेचो प्रसाद." आजही होडीचं काम घेताना मी आधी विचारतो, नारळ कुठे फोडणार?