तिची गोळी चुकली नव्हती

माझी बायको गोळ्या विसरते, असं आमच्या घरात आणि सोलापुरातल्या सगळ्या पाहुण्यांत पक्कं झालं आहे. ते खोटं आहे. कुणाला पटो न पटो, मी ते लिहून ठेवणार.

तिच्या हृदयाची झडप बदलल्यावर डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली. पालेभाजी रोज साधारण सारखीच खा म्हणाले. एकदम वाढवू नका, एकदम सोडूही नका. मी घरी येऊन सांगितलं, पालेभाजीचं पथ्य आहे. आमच्याकडे पथ्य म्हणजे बंदच. मेथी, चुका, करडई, सगळं तिच्या ताटातून गेलं.

"अवो, डॉक्टर बंद कर म्हणले न्हाईत की."

"तुला काय कळतंय?"

मग दर तपासणीला रक्त बघून, त्या बिनभाजीच्या जेवणावरच तिच्या गोळीचं प्रमाण ठरत गेलं.

वेळ अमावस्येला, शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाला, आम्ही मेव्हण्याच्या शेतावर गेलो. त्या दिवशीची भज्जी म्हणजे ओला हरभरा, तुरीचे दाणे, मेथी, कांद्याची पात, सगळं हिरवं एकत्र शिजवलेलं. ती हात आखडून बसली. "खा की, देवाचं जेवण हाय, आज कसलं पथ्य?" हे मीच म्हणालो. नंतर घरी भज्जीचे डबे येत राहिले, तेही मीच तिला आग्रहाने वाढले. थोड्याच दिवसांत तिचा उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली.

दवाखान्यात विचारलं, गोळ्या चुकल्या का? तिला बोलता येत नव्हतं. मुलगा म्हणाला, चुकल्या असतील. मी गप्प राहिलो. पुढे डॉक्टरांनी खाण्याची चौकशी केली आणि मला एकट्याला समजावलं: इतकी हिरवी भाजी एकदम पोटात गेली की गोळीचा जोर कमी पडतो, गुठळी होऊ शकते. तरीही मी घरी बोललो नाही. सून तिच्या तोंडात गोळी घालू लागली आणि गिळली का ते बघायला जीभ उचलायला लावू लागली.

परवा पाहुण्यांसमोर मुलगा आईकडे बोट करून हसत म्हणाला, "अव्वाला आज वार कुठला ते बी ठाऊक नसतंय."

तिने मान खाली घातली. माझं डोकं फिरलं.

"तुझ्या अव्वाची एक बी गोळी चुकली न्हाई. भाजी बंद केली ती मी, आणि मग भज्जी चारली ती बी मीच. ती मला सांगत होती, मी ऐकलं न्हाई."

"आप्पा, आता कशाला उकरताय?"

"आताच. पाहुणे हायत तोवर."

सुनेने विचारलं, "मग आता भाजी द्यायची का न्हाई?"

"डॉक्टरला विचारून. थोडी, पण रोज. गोळीचं ते बघतील."

बायकोला आता अडखळत का होईना बोलता येतं, पण ती माझ्याशी बोलली नाही. अजूनही बोललेली नाही, आणि मी तिची समजूत काढायला गेलेलो नाही. त्या संध्याकाळी सुनेने गोळी पुढे केली. बायकोने ती डाव्या हाताने घेतली, स्वतः तोंडात टाकली, पाणी प्याली आणि ओठ मिटून बसली. सून माझ्याकडे बघू लागली.

"माझ्याकडं काय बघतीस?" मी म्हणालो. "तिला विचार की."