चहाच्या रंगाचा प्लग

कार्ब्युरेटरच्या तळाशी एक वाटी असते. पेट्रोल तिथून पुढे जातं, गाळ मागे राहतो. वर्षानुवर्षं ती कुणी उघडत नाही, आणि उघडली की वाटतं, बापरे, एवढं साचलं होतं? आमच्या शेडमधल्या किश्श्यांचं तसंच झालंय. इंग्लंडात, लेस्टरला, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत, चाळीस वर्षं मी टू-स्ट्रोक इंजिनं दुरुस्त करतेय. स्कूटर, मोपेड, आणि अलीकडे स्नोमोबिल, म्हणजे बर्फावर पळणारी पट्ट्याची गाडी. शिकवलं कुणी नाही. नवरा गेला, त्याची हत्यारं राहिली, आणि ती मला गंजू द्यायची नव्हती. बस!

* * *

मेडनहेडहून एक पुण्याचा मुलगा आला. आयटीवाला. जुन्या स्कूटरचा कंपनीचा एक्झॉस्ट, म्हणजे सायलेन्सर, काढून यानं बाहेरचा मोकळा पाइप बसवला, आणि आठवड्यात इंजिन बंद! पिस्टन पिशवीत घालून आणलेला. पिस्टनच्या डोक्याला बोट जाईल एवढं भोक.

"काकू, व्हिडिओत तर म्हणाले, पाइप लावला की झालं."

"अरे, पाइप मोकळा झाला की इंजिन हवा जास्त ओढतं. मग पेट्रोल कोण वाढवणार, तो व्हिडिओवाला? कार्ब्युरेटरमध्ये जेट असतो, बारीक भोकाची पितळी तोटी. तो मोठा घालायचा. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून तापतं आणि पिस्टन वितळतो."

"पण आवाज भारी येत होता हो!"

मी पिस्टन डोळ्याला लावला आणि त्या भोकातून त्याच्याकडे बघितलं.

"वा! इथून तू अगदी स्पष्ट दिसतोयस."

* * *

शेडमध्ये माझ्याबरोबर ग्रॅहम असतो. बस डेपोतून रिटायर झालेला फिटर. दिवसाला चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन चहाबद्दल.

प्रत्येक गाडीत कितीचा जेट घातला, ते मी टेपवर मराठी आकड्यांत लिहून गाडीला चिकटवते. माझं सेटिंग दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी आयतं उचलायचं नाही! एकदा मी तापानं घरी पडले होते आणि ग्रॅहमला एका मोपेडचा नंबर हवा होता. फोनवर म्हटलं, "थांब, बरी झाले की येऊन वाचते."

"दोनशे चाळीस," तो म्हणाला.

"तुला कसं कळलं?"

"बारा वर्षं तेच बघतोय, मिसेस जे."

* * *

सेटिंग जमलं की नाही, हे प्लग सांगतो. इंजिन पूर्ण जोरात पळवायचं, एकदम बंद करायचं, स्पार्क प्लग काढून रंग बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त. पांढरा असेल तर कमी, म्हणजे धोका. दुधाच्या चहाचा रंग आला की जमलं. हा रंग ओळखण्यात माझ्या तोडीचं आसपास कुणी नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगायचे.

इवन आला तो ऑक्टोबरात, थेट स्कॉटलंडच्या डोंगरातून, ट्रेलरवर जुनी स्नोमोबिल घेऊन. मेंढपाळ माणूस. गाडीचा मूळ एक्झॉस्ट गंजून गेला होता, तसा आता कुणी बनवत नाही, म्हणून बाहेरचा पाइप लावलेला.

"बर्फ पडला की माझ्या मेंढ्या घरापासून चार मैलांवर अडकतात," तो म्हणाला. "तिथं फोन लागत नाही. ही बंद पडली तर चालत यायचं. आणि चालत पोचता येईलच असं नाही."

"माझ्या हातून गेलेली गाडी बंद पडत नाही!"

थंडीत हवा दाट असते, म्हणून तिकडच्या बेतानं जेट घातला. शेडमागच्या ओल्या गवतावर गाडी पळवली, प्लग काढला. चहाचा रंग!

ग्रॅहम वाकून बघत म्हणाला, "पांढरा आहे."

"चष्मा पूस!"

त्यानं खरंच चष्मा पुसला. "पांढरा आहे, मिसेस जे."

"तुझ्या डेपोतल्या बस डिझेलच्या! त्यांना स्पार्क प्लग तरी होता का? मला शिकवतोय!"

तो चहाची किटली ठेवायला गेला. दुसऱ्या दिवशी त्याला खुब्याच्या ऑपरेशनची तारीख अचानक मिळाली आणि तो हॉस्पिटलात गेला. त्याच दुपारी इवन गाडी घेऊन गेला.

* * *

फेब्रुवारीत इवनचा फोन आला.

"गाडी बंद पडली. पिस्टन गेला. चालत आलो मी. थंडीनं डाव्या हाताची दोन बोटं मेली, वरून कापावी लागली."

आवाजात राग नव्हता. मला तोच जास्त सोसला असता.

"पेट्रोलमध्ये पाणी गेलं असेल का हो?" त्यानं विचारलं.

मला ग्रॅहमचं 'पांढरा आहे' आठवत होतं. मी म्हटलं, "असेल."

आयुष्यभर मी लोकांना तोंडावर फाडफाड बोलत आले. खोटं बोलले ते त्या दिवशी.

* * *

त्याच्याकडून तो प्लग पोस्टानं मागवला. माझी नात इरा घरी आली होती. लेस्टरलाच जन्मलेली, मराठी तिला वळसा घालून येतं. मी प्लग तिच्या नाकासमोर धरला.

"बघ, चहाचा रंग आहे की नाही?"

"आजी, नो. हे प्लग टोटली व्हाइट आहे. म्हणजे, ती भिंत सारखा."

मी भिंतीकडे बघितलं. मला भिंतही चहाच्या रंगाची दिसत होती.

* * *

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बराच जुना. पांढरं तुम्हाला पिवळट तपकिरी दिसणारच.

तशीच शेडमध्ये गेले. ग्रॅहम हॉस्पिटलात जायच्या आधीच गिऱ्हाइकांनी हिवाळ्यापुरत्या ठेवलेल्या तीन स्कूटर उभ्या होत्या. तिन्हींचे कार्ब्युरेटर उघडले आणि जेटवरचे नंबर इराकडून वाचून घेतले. टेपवर माझ्या अक्षरात जो आकडा होता, त्याहून आतला जेट एक नंबर मोठा. तिन्हींत!

तिथून ग्रॅहमच्या घरी गेले. तो दारात वॉकर धरून उभा होता.

"कधीपासून?"

"दोन उन्हाळे झाले," तो म्हणाला. "तुम्ही घरी गेलात की बदलायचो."

"सांगायचं नाही?"

"सांगितलं की. तुम्ही चष्मा पुसायला लावलात."

मला हसू येत नव्हतं, त्यालाही नाही. वॉकर पुढे सरकवत तो म्हणाला, "इवनची दुसऱ्या दिवशी बदलणार होतो, ती तेवढी राहिली. हॉस्पिटलातून फोन करायला हवा होता मी."

"ग्रॅहम, ती चूक माझी आहे. त्यातला वाटा मी तुला देणार नाही."

मग त्याच्याच फोनवरून, त्याच्यासमोर, इवनला फोन लावला.

"पाणीबिणी काही नव्हतं. जेट मी लहान घातला. मला पांढरं दिसत नव्हतं आणि ज्याला दिसत होतं त्याला मी गप्प केलं. वर तुझ्याशी खोटं बोलले. आता गाडी दुसऱ्या कुणाकडे ने."

त्यानं फोन ठेवला.

* * *

उन्हाळ्यात दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. नोव्हेंबरात शेडच्या दारात ट्रेलर उभा! इवननं नवा पिस्टन घालून गाडी माझ्याकडेच आणली होती.

"सेट करा," तो म्हणाला. "पण बर्फावरची पहिली फेरी तुम्ही माझ्या मागे बसून करायची."

"अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे मी!"

"मी वय विचारलं नाही."

जानेवारीत गेले. इरानं मला चार स्वेटर चढवून ट्रेनमध्ये बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इवनच्या कमरेला धरून मी त्या गाडीवर बसले. घर मागे पडलं, कुंपणं संपली, फोनची रेंज गेली. चार मैल. चढावर त्यानं गाडी पूर्ण जोरात सोडली आणि एकदम बंद केली.

चहूकडे पांढरं. कानात काही नाही, फक्त वारा.

तो उतरला. तोकड्या बोटांच्या हातानं, सावकाश, त्यानं प्लग सोडवला. फडक्यात धरून माझ्यासमोर केला, आणि स्वतः समोरच्या डोंगराकडे बघत राहिला.

"कुठला रंग?"

मी चष्मा काढला. प्लग उजेडाकडे धरला, वळवला, परत वळवला. बर्फाशेजारी धरून बघितला.

"चहाचा."

"दुधाचा?"

"दुधाचा."

त्यानं माझ्या हातातून प्लग घेतला, एकदाही खाली न बघता परत बसवला आणि इंजिन सुरू करायची दोरी ओढली.