पोटातलं रक्त

गरम पाण्याची रबरी पिशवी भरली, की तापलेल्या रबराच्या वासाबरोबर मला सावंगीच्या दवाखान्यातली वैशाखातली एक दुपार आठवते. लेक सात वर्षांची होती, रक्तातल्या पेशी वाकड्या करणाऱ्या सिकलसेलचं दुखणं हाडाहाडांत शिरलं होतं, आणि ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. गार वाऱ्याने तिचं दुखणं वाढायचं म्हणून मी कुलर बंद करायला लावला होता. शेजारच्या खाटांवरची माणसं घामाघूम होऊन माझ्याकडे बघत होती. तरुण डॉक्टरीणबाई आल्या तशी मी विचारलं, "मॅडम, माह्या पोटात होती तवा तर हिले काही नव्हतं, मंग आता काऊन?" त्या खाटेवर टेकल्या. "पोटातल्या बाळाचं रक्त वेगळं असतं, त्याच्या पेशी वाकड्या होत नाहीत. ते रक्त बनवणारं जनुक हिच्यात अजूनही आहे. पण जन्मानंतर एक प्रथिन त्यावर येऊन बसतं. त्याचा एक भाग जनुकाला धरून ठेवतो, दुसरा त्याचं काम बंद पाडतो." "मंग उठवा ना त्याले तिथून!" "गोळीने ते बंद जनुक थोडं उघडतं, काकू. हिला अजून लागू पडत नाहीये." त्या गेल्यावर मी खाटेवर चढले, लेकीचे पाय अलगद मुडपले, तिला पोटाशी घट्ट धरलं आणि वरून पदर ओढला. नर्स धावत आली, "काय करून राह्यल्या, ताई?" मी तिला आणखी पोटात ओढून घेतलं. आता लेक माझ्याहून उंच झाली आहे. दुखायला लागलं की पिशवी घेऊन निमूट माझ्याजवळ येते, पाय मुडपून निजते, आणि मी अजूनही पोट आत ओढून तिला जागा करून देते.