नव्या टोपावरचं नाव

बेहड्याची वाडी म्हणजे मुरबाडकडची डोंगराच्या कुशीतली जेमतेम वस्ती. पण लग्नाची पंगत उठवण्यात ही वाडी कुणाला हार जाणार नाही. पूर्वी इथल्या लोकांना लग्नाची भांडी शेजारच्या गावातून मागून आणावी लागत, आणि देणारे देताना चार शब्द ऐकवत. मग एका सुगीला बायकांनी पदर खोचला. घराघरातून भात गोळा केलं, ते विकून मोठा टोप, पराती, झारे घेतले आणि त्यांवर वाडीचं नाव घातलं. देवकीच्या सासूची पडवी ऐसपैस, म्हणून भांडी तिथे राहिली.

सासूमागे देवकीने ती राखली. कुणाकडे कार्य निघालं की माणसं सरळ पडवीत शिरत आणि टोप उचलून चालू लागत. विचारायची पद्धतच नव्हती. देवकीचा नवरा धर्मा घरी असला, तर तो स्वतःच टोप डोक्यावर पालथा घालून निघायचा आणि पोरं मागे लागली की आतून वाघासारखा गुरगुरायचा.

धर्मा गेला त्याच वर्षी टोपही बुडाला गळू लागला. पुन्हा घराघरातून भात निघालं आणि नवा टोप आणायचं काम देवकीकडे आलं. मुरबाडच्या दुकानात नाव कोरणाऱ्याने विचारलं, "मावशी, नाव काय टाकू?"

काय टाकायचं ते देवकीला पक्कं ठाऊक होतं. पण जन्मभर टोप वाहणाऱ्या माणसाचं नाव कुठेच उरलं नाही, हे तिच्या मनाला टोचत होतं. "कैलासवासी धर्मा," ती म्हणाली. अक्षरं उमटताना तिचे डोळे भरून आले. खाली वाडीचंही नाव घाल, एवढं तरी तिने म्हणायला हवं होतं, पण नाही म्हणाली. झाला मोह. घरी आणल्यावर नावाची बाजू तिने भिंतीकडे केली, म्हणजे चूक कळत नव्हती असंही नाही.

गणूकडच्या बारशाला टोप घासायला पालथा पडला आणि नाव सगळ्यांनी वाचलं. कुणी ब्र काढला नाही. भांडले असते तर देवकीने हात जोडून सुटका करून घेतली असती. टोप परत आला तो आजवर कधी नव्हता इतका लखलखीत घासून. त्यानंतर माणसं अंगणातच थांबू लागली.

"वैनी, तुमचा टोप मिळंल का?"

"माझा कसला रे, आपलाच हाय," देवकी म्हणायची, पण मान वर होत नसे.

परवा बाईजाच्या लेकीची, पूजाची हळद होती. बाईजा म्हणजे देवकीची जिवाभावाची. दोघींनी भाताच्या सगळ्या आवण्या एका रांगेत लावलेल्या. देवकीने सकाळीच टोप घासून दाराशी काढून ठेवला आणि वाट बघत बसली. कुणी आलं नाही. दुपारी टोकावड्याहून भाड्याची भांडी घेऊन टेम्पो आला आणि तिच्याच दारावरून खडखडत पुढे गेला. देवकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी ती विळी घेऊन गेली. मांडवात बायका कांदे चिरत खिदळत होत्या. ती दिसताच हसणं थांबलं. ती त्यांच्यात टेकणार, तोच बाईजा लगबगीने आली.

"खाली नका बसू, वैनी." तिने प्लास्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली. "बसा. चाय आणतं."

"बाईजे, मला कांदे दे गो चिराया."

"झाले कांदे," बाईजा म्हणाली. बायकांच्या पुढ्यात अर्धं पोतं तसंच पडलं होतं.

देवकी बसली. विळी मांडीवर धरून, सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा उंच. या वाडीच्या लग्नघरात ती खुर्चीवर पहिल्यांदाच बसत होती.