पोस्टनेटल वॉर्डातली खाट

"पेशंट व्हायोलंट झालीये. सायकियाट्रीला पाठवायचंय, तुम्ही फक्त सही करा," इन्चार्ज सिस्टर फोनवर म्हणाल्या. बडोद्याच्या एका प्रसूती रुग्णालयात मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. न पाहिलेल्या पेशंटसाठी मी सही करत नाही. वॉर्डात गेले.

पेशंटचं नाव अश्विनी, जवळच्या वाघोडियातल्या एका कारखान्यात केमिस्ट. सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. प्रसूती करावी लागली, म्हणून खाट पोस्टनेटलमध्ये, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात. दोन्ही बाजूंना पाळणे.

"काय केलं तिने?" मी सिस्टरना विचारलं.

"स्टीलचा ग्लास फेकला. दक्षाबेनचा डोळा थोडक्यात वाचला."

दक्षाबेन रोज सकाळी खाटेखाटेला जाऊन अंगावर पाजायला शिकवतात. त्यांना विचारलं, "तुम्ही काय बोललात?"

"बीजुं शुं, दुसरं काय बोलणार? सगळ्यांना विचारते तेच. दूध आलं का?"

अश्विनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच पडून म्हणाली, "आलंय, मॅडम. गाऊन भिजलाय. मला वेड लागलंय का?"

बाळ गेलं तरी दूध येतं. प्रसूती झाली की शरीर आपलं काम सुरू करतं. त्रास कमी करायला औषध असतं, थंड शेक असतो. रुग्णालयातल्या प्रत्येक डॉक्टरला हे माहीत आहे. तिला एकानेही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला मात्र सल्ला मिळाला होता, विषय काढू नका.

सुपरिंटेंडंटना भेटले. "तिची खाट हलवा."

"डिलिव्हरी केस पोस्टनेटलमध्येच. सिस्टिम आहे."

"वरच्या मजल्यावरची खोली रिकामी आहे."

"ती व्हीआयपींसाठी."

"मग सायकियाट्रीला कळवते. पेशंटला त्रास कशाचा? तर खाटेचा. खाली माझी सही."

"अरे बेन, किती तापता! करा शिफ्ट."

संध्याकाळी ती वरच्या खोलीत गेली. दार लावून मोठ्याने रडली. खाली तेवढीही सोय नव्हती.

पुढे काही आठवड्यांनी तिला डिप्रेशन आलंच. गर्भ गमावलेल्या बाईला ते येऊ शकतं. झोप उडते, जेवण सुटतं, जगणं नकोसं होतं. घरचे म्हणत, "दुसरं होईल की." ती मात्र स्वतःहून माझ्याकडे आली. गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागलं. आता ती कामावर जाते.

वॉर्डाची सिस्टिम बदललेली नाही. अशी पेशंट आली की मी पुन्हा सुपरिंटेंडंटकडे जाऊन भांडते. वरची खोली बहुतेक वेळा रिकामीच असते.