चांगीचा डावा गाल

खोतीणबाईंनी हातातल्या पंख्याची दांडी माझ्या बहिणीच्या हनुवटीखाली घातली आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. हात लावला नाही. डाव्या गालाची कातडी सोलून निघालेली. आत लाल मांस, कडेला काळी खपली. बाईंनी नीट बघितलं. मग मागे उभ्या असलेल्या आपल्या मुलीला म्हणाल्या, "बरं झालं बाई, आधी हिच्यावर करून पाहिलं."

त्यांच्या घराचं मागचं दार होतं ते. माझ्या डोक्यावर मासळीची पाटी होती. ती मी खालीसुद्धा ठेवली नव्हती.

चांगी माझी धाकटी बहीण. सोळा-सतराची. तोंडावर मुरमं उठली, गेली, आणि दोन्ही गालांवर वण ठेवून गेली. खड्डेच खड्डे. लग्नाची बोलणी करायला दिघीहून माणसं आली, ती विचारून गेली, "पोरीला देवी आल्या व्हत्या काय?" पुन्हा फिरकली नाहीत. आये रोज जायफळ उगाळून लावायची. वण काही हलत नव्हते.

खोतांच्या मुलीच्या गालांवरही तसेच वण. तिचंही लग्न जमायचं होतं. खोतांचा पुतण्या मुंबईत डॉक्टर. तो आगबोटीनं आला तेव्हा सोबत एक बाटली घेऊन आला. वरची कातडी जाळायची, खालून नवी येते, असं ते औषध. आसिडच ते. पण हे मला मागाहून कळलं.

एके सकाळी बाईंनी मला ओटीवर बसवलं. आठ वर्षं मी त्या घरी मासळी घालत होते, ओटीला कधी पाय लागला नव्हता. चहा दिला, तोही कपबशीतून. म्हणाल्या, "तुझ्या बहिणीलाही औषध लावून देऊ. फुकट. तिला आधी घेऊन ये." आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! मी हुरळून गेले. तिला आधी का, हे मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. विचारलं नाही.

आमच्यात संशयाची मासळी आधी मांजरापुढे टाकतात. मांजर धड राहिलं तर मग माणसं खातात. मी कोळ्याची पोर. मला हे कुणी शिकवायला हवं होतं?

चांगी घाबरली होती. "बाय, आग हुईल ना गं?"

"न्हाय गं. खोतांच्या ताईंनी कवाच लावलंय. त्यांचं तोंड कसं साफ झालंय, म्या बघितलंय."

खोटं. मी काही बघितलं नव्हतं. ती नाही म्हणाली तर मी पुन्हा मागच्या दारी, याची मला भीती वाटली. बहिणीच्या गालापेक्षा मला ती ओटी प्यारी झाली. औषध लावताना चांगी किंचाळली, तडफडली. डॉक्टर म्हणाला, "हात धरा हिचे." मी धरले. घट्ट धरले.

आणि आता पंधरा दिवसांनी आम्ही मागच्या दारी उभ्या होतो.

डॉक्टर आतून म्हणाला, "प्रमाण थोडं जास्त झालं, काकू. या खेपेला पातळ करतो."

"मग दुसरा गाल आहे की हिचा," बाई म्हणाल्या. माझ्याकडे वळल्या. "उद्या सकाळी आण तिला."

चांगी समोर बघत होती. खोतांच्या मुलीच्या गालांवर वण जसेच्या तसे होते. माझं खोटं तिला उघड दिसत होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"न्हाय," मी म्हणाले.

"काय?"

"न्हाय आणणार. ह्या खेपेला ताईंच्या गालाला लावा. मी बघाया येईन."

बाईंचा पंखा थांबला. "मासळी वाळवता ती जागा कुणाची, विसरलीस का गं?"

"न्हाय इसरले."

आम्ही निघालो. वाटेत मी चांगीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कपातला च्या गोड व्हता का गं, बाय?"

आठवड्याच्या आत वाळवणाच्या जागेभोवती काटेरी कुंपण पडलं. त्या साली वाडीची मासळी खडकांवर वाळली, निम्मी नासली. बायकांनी मला शिव्या घातल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

पुढल्या साली खोतांचा गडी वाडीत आला. ज्या पोरींच्या तोंडावर वण असतील त्यांना फुकट औषध. मी घरोघर गेले आणि चांगीच्या गालाचं सांगितलं. मी खोटं बोलले तेही सांगितलं. हात धरले तेही. सांगताना मान वर होत नव्हती. एकही पोर गेली नाही.

चांगीची माफी मी मागितलेली नाही. माफी मागून मन हलकं होतं. मला ते करायचं नाही. वाडीतली कुठलीही पोर औषधाला निघाली की मी तिच्याबरोबर जाते. औषध कशाचं, त्यानं काय होईल, काय बिघडेल, हे डॉक्टरकडून तिच्यासमोर वदवून घेते. ती हो म्हणाली तर हो. नाही म्हणाली, तर मग खोत येवो नाहीतर नबाब, त्या पोरीला कुणी हात लावायचा नाही.